आयडलला गाडी थरथरतेय, दोन सेन्सर बदलले तरी तेच, मग बिघाड नेमका कुठंय?

तुमचं सगळं वाचलं. पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, गरम झाली की सिग्नलला थरथरते, आरपीएमचा काटा ६५० आणि ९०० च्या मधे झोके घेतो, पळताना मात्र फार काही जाणवत नाही. चेक लाईट लागली, स्कॅनरवर पी०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलला, आठ दिवसांत तोच कोड परत, मग एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) बदलला, परत तेच, उलट आता सोबत पी०३०० पण यायला लागला, आणि आता मेकॅनिक म्हणतोय ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला. आणि तुम्ही विचारताय की कुठला सेन्सर खराब आहे.

मला विचाराल तर बहुतेक एकही नाही.

पी०१७१ म्हणजे "ऑक्सिजन सेन्सर खराब" असं नसतं हो, त्याचा अर्थ एवढाच की मिक्श्चर पातळ पडतंय, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. पेट्रोल नीट जळायला वजनाच्या हिशोबानं १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि सायलेन्सरच्या पाईपातला ऑक्सिजन सेन्सर जळून गेल्यावर किती ऑक्सिजन उरला ते बघून सांगतो की हिशोब कुठं चुकला. म्हणजे ज्यानं तुम्हाला सांगितलं की बाबा हवा जास्त येतेय त्यालाच तुम्ही काढून टाकलं, चोर आला म्हणून भुंकणाऱ्या कुत्र्याला हाकलल्यासारखं झालं हे. नवीन कुत्रा आणला, तोही भुंकला, कारण चोर घरातच आहे.

आता कोड बाजूला ठेवा आणि लाईव्ह डेटा उघडा. ब्लूटूथवाला साधा ओबीडी स्कॅनर आणि मोबाईलमधलं ॲप असलं तरी चालतं, भारी मशीनची गरज नाही. त्यात शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम असे दोन आकडे दिसतील, टक्क्यांत. ईसीएमनं ठरवलेल्या पेट्रोलमधे त्याला स्वतःलाच किती वाढवायला किंवा कमी करायला लागतंय त्याचा तो हिशोब. दोन्हीची बेरीज करायची. अधिक-उणे ५ च्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालवून घेतो आपण, आणि साधारण २० - २५ च्या पुढं गेलं की ईसीएम हात वर करतो आणि कोड टाकतो.

मुख्य टेस्ट म्हणजे ही बेरीज दोनदा बघायची. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, एकदा आयडलला आणि एकदा रेस देऊन २५०० आरपीएमला अर्धा-एक मिनिट धरून. तुमच्यासारख्या केसमधे मला वाटतं आयडलला +१८, +२० असं काहीतरी दिसेल आणि २५०० ला ते एकदम ४-५ वर येईल. तसं आलं तर समजायचं की कुठूनतरी चोरून हवा आत घुसतेय, एअर फ्लो सेन्सरला न विचारता.

असं का होतं बघा. समजा आयडलला इंजिन सेकंदाला ३ ग्रॅम हवा ओढतंय आणि त्यातली अर्धा ग्रॅम कुठल्यातरी फाटक्या पाईपातून येतेय. सेन्सरला दिसली अडीच ग्रॅम, त्या हिशोबानं पेट्रोल सोडलं, ते कमी पडलं, मग २० टक्के वाढवायला लागलं. आता २५०० ला तेच इंजिन १२ ग्रॅम ओढतंय, चोरीची हवा तेवढीच अर्धा ग्रॅम धरा, खरंतर तीही जरा बदलते पण हिशोबापुरतं धरा, तर फरक चार-साडेचार टक्क्यांचा उरतो. म्हणून पळताना गाडी छान आणि उभी राहिली की रडते.

उलटं दिसलं तर, म्हणजे आयडलला ठीक आणि लोड आला की ट्रिम वर वर जातंय, तर मग पेट्रोल कमी पडतंय, पंप, फिल्टर, प्रेशर तिकडं जायचं, किंवा एअर फ्लो सेन्सर घाण होऊन हवा कमी दाखवतोय. आणि दोन्हीकडं सारखंच वाढलेलं असेल तर इंजेक्टर चोक किंवा प्रेशरच सगळीकडं कमी अशी शंका घ्यायची. ट्रिम मायनसमधे असेल, -१५, -२०, तर गोष्ट वेगळी, पेट्रोल जास्त जातंय, इंजेक्टर टपकतोय किंवा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडाच राहून वाफ आत जातेय असं काहीतरी.

एक गोष्ट मधेच सांगतो नाहीतर दुसरी गाडी बघताना गोंधळ होईल. काही गाड्यांना एअर फ्लो सेन्सर नसतोच, नुसता मॅप सेन्सर असतो जो इनटेक मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजतो. अशा गाडीत चोरून आलेली हवासुद्धा मॅनिफोल्डमधेच येते, प्रेशर वाढतं, ईसीएमला वाटतं लोड आला आणि तो इमानदारीत पेट्रोल वाढवतो, मग मिक्श्चर पातळ पडतच नाही फारसं, त्याऐवजी आयडल वर चढून बसतो आणि पी०५०७ येतो. तुमच्यात एअर फ्लो सेन्सर बदललाय म्हणजे तो आहे, तेव्हा तुमच्यासाठी वरचा हिशोब लागू.

आता हवा कुठून घुसते. एअर फिल्टरच्या पुढं जो रबरी बेलोज असतो ना, थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा, त्याच्या घड्यांमधे खालच्या बाजूला चीर पडते, वरून बघितलं तर काहीच दिसत नाही. हा बेलोज सेन्सर बदलताना काढला-घातला असेल तर क्लॅम्प नीट बसलाय का तेही बघा, कारण तुमचा पी०३०० नंतर आला, आधी नव्हता. मग पीसीव्हीचा पाईप, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ परत इनटेकला नेणारा, तो ऑइलच्या वाफेनं कडक होऊन तडकतो. ब्रेक बूस्टरला जाणारा जाड पाईप, याची खूण म्हणजे ब्रेक दाबला की आयडल बदलतो आणि पायाखाली हिस्स आवाज येतो. इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग, हे बहुतेक थंडीत जास्त त्रास देतं आणि गरम झाल्यावर प्लास्टिक फुगून बसतं, तुमचं गरम झाल्यावर वाढतंय म्हणून मी त्याला जरा खाली ठेवेन यादीत. ऑइलची डिपस्टिक नीट बसली नाही किंवा ऑइल कॅपचं रबर गेलं तरी काही गाड्या थरथरतात, हसू नका, बघितलंय मी.

पर्ज व्हॉल्व्हची टेस्ट सगळ्यात सोपी. इंजिन आयडलला, त्या व्हॉल्व्हकडून मॅनिफोल्डला जाणारा बारीक पाईप पक्कडीनं हलकेच चिमटायचा, खाली फडकं धरून म्हणजे रबर कापणार नाही. थरथर थांबली तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी स्टार्ट व्हायला त्रास देत असेल तर हा पहिला संशयित.

पाईपांसाठी स्मोक मशीन असेल तर प्रश्नच मिटला, धूर आत सोडायचा आणि कुठून निघतो ते बघायचं. नसेल तर लोक कार्बोरेटर क्लीनर मारतात जॉईंटवर आणि आरपीएम किंवा शॉर्ट टर्म ट्रिम बदलते का बघतात. चालतं, मीही करायचो, पण ते भडकतं, गरम एक्झॉस्टवर किंवा कुठं स्पार्क लीक असेल तिथं पडलं तर इंजिनासकट हात भाजेल. मी आता पाण्याचा बारीक फवारा वापरतो, कॉइल आणि कपलर (वायरींचे प्लग) सोडून, चीर असेल तिथं पाणी ओढलं जाऊन आवाज क्षणभर बदलतो. जरा वेळ लागतो एवढंच.

माझी स्वतःची एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गाडीवर हाच कोड होता, मी पण आधी ऑक्सिजन सेन्सर लावला, मग दुसऱ्या कंपनीचा लावला कारण म्हटलं पहिला डुप्लिकेट असेल, मग प्लग, मग इंजेक्टर क्लीनिंग, चार दिवस गाडी माझ्याकडंच. शेवटी बॅटरी काढायच्या निमित्तानं हात खाली गेला आणि एका व्हॅक्यूम पाईपचं टोक नुसतं अडकवल्यासारखं लोंबत होतं, मागून चिरलेलं. दोन बोटं लांबीचा पाईप. मालकाला काय सांगायचं ते सुचेना. तेव्हापासून ट्रिम बघितल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही.

आता तुमचा पी०३००. हा रँडम मिसफायरचा कोड, म्हणजे एक ठराविक सिलिंडर नाही, कुठलाही मिसिंग मारतोय. पातळ मिक्श्चर पेटत नाही म्हणून मिसिंग होणं एकदम शक्य आहे, म्हणजे दोन्ही कोड एकाच दुखण्याचे. पण उलटंही होऊ शकतं हे लक्षात ठेवा, कारण मिसिंग झालं की न जळलेली हवा तशीच सायलेन्सरमधे जाते, त्यात ऑक्सिजन भरपूर असतो, आणि ऑक्सिजन सेन्सर बिचारा तो बघून सांगतो की पातळ आहे. त्याला पेट्रोल दिसत नाही, फक्त ऑक्सिजन दिसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तर तिथूनही बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तोच खोटा निरोप वर जातो. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर टिक टिक टिक आवाज येऊन गरम झाल्यावर कमी होत असेल तर ते बघा.

मिसिंग एकाच सिलिंडरचं आहे का हे कळायला स्कॅनरमधे सिलिंडरवार मिसफायर काउंट असेल तर बघा. पी०३०२ सारखा कोड आला तर तो दोन नंबरचा सिलिंडर. मग दोनची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावायची, कोड पुसायचा, चालवून बघायचं. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली, तिथंच राहिला तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि एवढं करूनही तिथंच असेल तर कॉम्प्रेशन बघायला लागेल, टॅपेट टाईट झाले असतील तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि नेमकं गरम झाल्यावर आयडलला मिसिंग येतं. गाडीला गॅस किट असेल तर हे मी जरा आधी बघेन, गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते. आणि गॅस असेल तर एक फुकटची टेस्ट आहे, दोन्ही इंधनांवर आयडल बघा, फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर पेट्रोल इंजेक्टर किंवा पंप, फक्त गॅसवर असेल तर आधी प्लग-कॉइल कारण गॅस पेटवायला स्पार्क जास्त ताकदीचा लागतो, नंतर किट, आणि दोन्हीवर सारखीच असेल तर हवा, स्पार्क किंवा कॉम्प्रेशन.

एक मात्र लक्षात ठेवा, चेक लाईट नुसती लागलेली असेल तर सावकाश घरापर्यंत नेता येते, पण ब्लिंक करत असेल तर रेस देऊन पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे जाऊन जळतं, तो तापून आतनं वितळतो, आणि मग जे बिल येतं त्यापुढं तुमचे दोन सेन्सर काहीच नाहीत.

बरं, सेन्सर कधी खराब होतच नाहीत का? होतात की. पण तो खोटं बोलतोय हे बदलायच्या आधी सिद्ध करता येतं. माझी आवडती टेस्ट सकाळची. गाडी रात्रभर उभी असली की सकाळी इग्निशन ऑन करायचं, इंजिन स्टार्ट करायचं नाही, आणि स्कॅनर लावायचा. कूलंट टेंपरेचर आणि इनटेक एअर टेंपरेचर दोन्ही बाहेरच्या हवेइतकंच पाहिजे, एकमेकांत ३-४ डिग्रीचा फरक चालेल. कूलंट ४५ आणि हवा २४ दाखवत असेल तर एकजण खोटा. मॅप सेन्सर असेल तर त्यानं बाहेरचंच प्रेशर दाखवलं पाहिजे, समुद्रसपाटीला साधारण १०० किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. मग स्टार्ट केल्यावर, गरम आयडलला, तो २५ ते ४० मधे यायला पाहिजे. इंजिन बंद असताना एअर फ्लो शून्याजवळ. थ्रॉटल पोझिशन ॲक्सिलरेटर हळूहळू दाबताना सलग वाढली पाहिजे, मधेच उडी मारली की ट्रॅक झिजलाय.

कूलंट सेन्सरचा आकडा -४० दिसला तर सेन्सरला फ्रिजमधे ठेवलेलं नाही तुम्ही, वायर तुटलीय किंवा कपलर निघालाय. आतला रेझिस्टन्स थंडीत जास्त आणि गरम झाल्यावर कमी होतो, बऱ्याच गाड्यांत २० डिग्रीला अडीच हजार ओहमच्या जवळपास आणि ८० ला तीनशेच्या जवळपास, मग वायर तुटली की ईसीएमला वाटतं अतिप्रचंड थंडी आहे. उलट वायर शॉर्ट झाली तर १३०-१४० डिग्री दाखवेल. म्हणजे कपलर काढला की -४०, आणि कपलरच्या दोन पिना बारीक वायरनं जोडल्या की एकदम वरचा आकडा, दोन्ही बरोबर आले तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर बदला बिनधास्त. एका मिनिटाचं काम, पण हे दोन वायरच्या टेंपरेचर सेन्सरलाच करायचं, दुसऱ्या कुठल्या कपलरमधे वायरी जोडत बसू नका.

ऑक्सिजन सेन्सरचं पण तसंच. जुन्या पद्धतीचा असेल तर त्याचा व्होल्टेज गरम इंजिनवर ०.१ आणि ०.९ च्या मधे सतत वर-खाली नाचला पाहिजे. खाली ०.१ ला चिकटून बसला असेल तर लगेच खराब म्हणू नका, इनटेकमधे थोडा पेट्रोलचा वास दिला किंवा रेस एकदम दिली आणि तो टुणकन ०.९ ला गेला तर तो जिवंत आहे आणि खरं बोलतोय. नव्या पद्धतीचा, वाइडबँड असेल तर हे व्होल्ट लागू होत नाहीत, तिथं लॅम्डा (१ म्हणजे हवा-पेट्रोलचा हिशोब बरोबर) १ च्या आसपास आहे का ते बघायचं.

एअर फ्लो सेन्सरसाठी ढोबळ हिशोब असा की गरम आयडलला जितक्या लिटरचं इंजिन साधारण तेवढे किंवा थोडे जास्त ग्रॅम दर सेकंदाला दिसतात. लोक त्याचा कपलर काढून बघतात, काढल्यावर गाडी सुधारली तर सेन्सरवर संशय घेतात, खूण म्हणून ठीक आहे पण पुरावा नाही तो, कारण कपलर काढला की ईसीएम अंदाजपंचे पेट्रोल टाकतो आणि ते जास्त असलं की हवेची चोरीसुद्धा झाकली जाते. तुमच्याकडं बहुतेक हेच झालं असणार. जुना सेन्सर टाकला नसेल तर ठेवा जपून, एअर फ्लो सेन्सर साफ करायच्या खास स्प्रेनं साफ करून परत चालेल, तार अतिशय नाजूक असते, ब्रश किंवा कापूस लावायचा नाही.

क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं मोजणारा) आयडल थरथरवण्यापेक्षा गाडी बंद पाडतो, गरम झाली की एकदम बंद, अर्ध्या तासानं थंड झाली की जसं काही झालंच नाही. त्याला मल्टीमीटरनं ओहम मोजायच्या आधी दोन वायरचा आहे का तीन हे बघा, तीन वायरचा हॉल टाईप असेल तर ओहमला अर्थ नाही.

आणि जर एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर तीन-चार सेन्सर एका दिवशी मरत नाहीत हो. त्यांना ईसीएमकडून एकच ५ व्होल्टची लाईन जाते बऱ्याचदा, एकानं ती शॉर्ट केली की सगळे वेडे होतात. एकेक कपलर काढत जायचं, ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतील तो गुन्हेगार. नाहीतर अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसची इंजिनला असलेली जोडणी, तपासा. इंजिन चालू, लाईट-पंखा चालू, मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या धातूला लावा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थिंगची पट्टी घासून परत टाईट करा. ईसीएम गेला हे वाक्य यानंतरच बोलायचं, तेही जपून, माझ्याकडं ईसीएम गेला म्हणून आलेल्यातले बरेच खराब अर्थिंग आणि पाणी गेलेले कपलर निघाले.

थ्रॉटल बॉडी काळी झाली असेल तर साफ करून घ्या, काटा झोके घेण्याचं ते पण कारण असतं. पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन ऑन ठेवून बटरफ्लाय बोटानं ढकलू नका, आतले प्लास्टिक गिअर जातात, आणि बोटही जाऊ शकतं. साफ केल्यावर आयडल काही वेळ वरच राहतो, कारण ईसीएमनं घाणीच्या हिशोबानं बटरफ्लाय जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते, त्याला आयडल रीलर्न द्यायला लागतं, स्कॅनरनं किंवा त्या गाडीच्या पद्धतीनं.

हे सगळं करून आरपीएम सुतासारखा सरळ, ट्रिम ठीक, मिसफायर काउंट शून्य आणि तरी सीट थरथरतेय, तर मग इंजिनचं माउंटिंग बसलंय. गिअरमधे ब्रेक दाबून वाढते आणि न्यूट्रलला कमी होते का बघा ऑटोमॅटिक असेल तर.

तुमच्या गाडीला आधी ट्रिमचे ते दोन आकडे घ्या, आयडल आणि २५००, मग पर्जचा पाईप चिमटा, मग बेलोज पूर्ण काढून उजेडात वाकवून बघा. कोड आत्ताच पुसू नका, फ्रीज फ्रेममधे कोड आला तेव्हाचा आरपीएम, टेंपरेचर, ट्रिम सगळं लिहिलेलं असतं, पुसलं की ते जातं आणि ईसीएमनं शिकलेली लाँग टर्म ट्रिम पण शून्य होते, मग दोन दिवस गाडी चांगली वाटते आणि आपण समजतो झालं काम. फोटो काढून ठेवा आधी. चीर सापडली, पाईप बदलला, तर त्याच आयडलला शॉर्ट टर्म आधी मायनसमधे जाईल, घाबरू नका, लाँग टर्म हळूहळू खाली येते तसं ते दोन्ही शून्याजवळ बसतात.